तापातली अठरा मिनिटं

६ फेब्रुवारी

उंचावर बसणाऱ्या लेकीस खाली बसणाऱ्या बापाचे आशीर्वाद.

जावईबापूंनी तुला फोनवर सगळं सांगितलं म्हणतात. पण त्यांचं सांगणं म्हणजे बसचे थांबे सांगितल्यासारखं. ताप आला, फिट आली, दवाखाना, घर. मधला रस्ता कोण सांगणार? मला फोनवर काही ऐकू येत नाही, तेव्हा नेहमीप्रमाणे कागदावर सांगतो. कान गेलाय, हात जाग्यावर आहे.

तुझी भिंगरी त्या दिवशी सकाळपासूनच मलूल होती. दूध अर्धं टाकलं, दुपारी कपाळ तापलं. जावईबापू गाडी घेऊन कामावर. मी दुकानात कामाच्या टेबलाशी, ती माझ्या पायाशी चटईवर, घड्याळाच्या पट्ट्यांचा डबा उपडा करून बसलेली. तिचं रडणं मला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी तिच्यावरची नजर हटवत नाही हे तुला माहीत आहे. एका डोळ्याला भिंग असलं तरी दुसरा तिच्यावर असतो. त्या दुसऱ्या डोळ्याने पाहिलं, तर ती एकदम ताठ झाली. डोळे वर गेले, हातपाय झटके देऊ लागले, ओठ निळसर दिसायला लागले. मी हाका मारतोय आणि ती तिथे नाहीच.

माझी पाचावर धारण बसली, हे कबूल करतो. पण त्याही अवस्थेत मी एक गोष्ट केली. टेबलासमोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा. मग तिला उचलून आतल्या खोलीत पलंगावर ठेवलं आणि शेजारच्या शिंपीणबाईंना बोलवायला भिंतीवर मुठी आपटल्या. त्या धावत आल्या तोवर भिंगरी सैल पडली होती, श्वास नीट सुरू झाला होता. मी पुन्हा वेळ पाहिली. चार अठ्ठावीस. म्हणजे अठरा मिनिटं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिलं तेच विचारलं, किती वेळ चालली? लोक म्हणे तासभर, अर्धा तास असं काहीही सांगतात. मी अठरा म्हटल्यावर त्या चमकल्या. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. तुमच्या हातातलं दोन मिनिटं मागे आहे." त्यांनी मुकाट्याने फायलीत लिहून घेतलं. दोन दिवस ठेवून घेतलं, पाठीतून पाणी काढून तपासलं. बाकी काही निघालं नाही, घशाचा ताप होता. घरात आणखी कुणाला लहानपणी असं झालं होतं का, तेही विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे असलं काही नाही.

आता ती माझ्या टेबलाखाली बसून पट्ट्या चघळते आहे. तू येऊ नकोस. तुझा पूल अर्धवट टाकून यायचं काही कारण नाही.

तुझा,
बाबा


१२ फेब्रुवारी

बाबा,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं.

तो फोन आला तेव्हा मी क्रेनच्या केबिनमध्ये होते. खालून वॉकीटॉकीवर म्हणाले, "ताई, घरून फोन आहे, मुलीचं काहीतरी." हुकाला पुलाचा तुकडा लटकत होता आणि त्याखाली नऊ माणसं. तो जाग्यावर बसवून हूक सुटेपर्यंत अकरा मिनिटं गेली. त्या अकरा मिनिटांत मी काय काय पाहिलं ते तुम्हाला लिहीत नाही. हात मात्र हलला नाही. मग शिडीने खाली आले आणि घरी फोन लावला.

इथल्या नर्सला तुमचं पत्र दाखवलं. ती म्हणाली, तापात लहान मुलांना अशी फिट येते, पुष्कळांना येते, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. त्याने मेंदूला काही होत नाही. पण पंधरा मिनिटांच्या वर गेली तर ती वेगळ्या जातीची, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. "अठरा नक्की?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी वेळ सांगितली की ती नक्कीच असते.

बाबा, दुसरंही एक दिसलं. तुमचं अक्षर. घड्याळाच्या पोटात केसाएवढा स्क्रू बसवणाऱ्या माणसाचं अक्षर असं वाकडं? तुमचा हात थरथरायला लागलाय का? खरं सांगा. कान गेला तेव्हाही तुम्ही दोन वर्षं लपवलं होतं.

मी ठरवलंय. सहा तुकडे बसायचे राहिलेत, पण त्यासाठी दुसरा ऑपरेटर मिळेल. साहेब आढेवेढे घेतील, घेऊ देत. एवढ्या उंच क्रेनवर बसणारी इथली पहिली बाई मी, म्हणून सगळे माझं कौतुक करतात. पण ऐकू न येणारा, हात कापणारा म्हातारा आणि अठरा मिनिटं फिट येणारी पोर यांना घरी ठेवून हे कौतुक ऐकत बसायला मला लाज वाटते. म्हातारा म्हटलं म्हणून रागावू नका.

भिंगरीचा पाय शाईत बुडवून त्याचा ठसा एका कागदावर पाठवा.

तुमची


१७ फेब्रुवारी

पोरी,

म्हातारा म्हटल्याचा राग नाही. "हात कापणारा" म्हटल्याचा आहे. माझा हात अजिबात कापत नाही. पेन खराब होतं. हे पत्र दुसऱ्या पेनाने लिहितोय, तरी वाकडं दिसलं तर कागदाचा दोष समज.

ठसा सोबत आहे. शाई दोन दिवस तिच्या पायावर होती आणि माझ्या पायजम्यावर जन्मभर राहील.

डॉक्टरबाईंनी मला नि जावईबापूंना समोर बसवून शिकवलं, तेही मोठ्या आवाजात, माझ्यासाठी. दवाखान्यातल्या सगळ्यांनी फुकटात शिकून घेतलं. फिट आली की मुलाला जमिनीवर नाहीतर पलंगावर कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर येते. आजूबाजूचं टोकदार काही असेल ते दूर करायचं. दाबून धरायचं नाही. तोंडात काही म्हणजे काहीही घालायचं नाही. चमचा नाही, पाणी नाही, औषध नाही. कांदा नि चप्पल हुंगवायची नाही. थंड पाण्यात बुडवायचं नाही. वेळ बघायची. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही तर नाकात मारायचं औषध दिलंय ते मारायचं आणि अँब्युलन्सला फोन. तापाचं औषध द्यायचं ते पोराला बरं वाटावं म्हणून. त्याने फिट टळेलच असं नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

मी विचारलं, "मग आम्ही करायचं काय?" त्या म्हणाल्या, "बहुतेक वेळा जवळ बसायचं आणि काही करायचं नाही. तेच सगळ्यात कठीण असतं, आजोबा." मला ते पटलं नाही. हातात चिमटा असलेल्या माणसाला काही करू नकोस सांगणं म्हणजे काय?

अठरा मिनिटांमुळे पुढच्या महिन्यात मेंदूचा फोटो काढायचा म्हणतात. गुंगीचं औषध देऊन. जावईबापू तेव्हापासून जेवताना बोलत नाहीत. तसे ते आधीही बोलत नव्हते, पण आता जास्तच बोलत नाहीत.

राजीनामा देऊ नकोस. घरात दोन बाप्ये आणि भिंतीपलीकडे एक बाई आहे. एवढी फौज एका पोरीला पुरते.

बाबा


२३ फेब्रुवारी

बाबा,

राजीनामा दिला. साहेबांनी टेबलावर ठेवून घेतला, सही केली नाही. म्हणाले, दहा मार्चपर्यंत विचार कर. मी म्हटलं, विचार झालाय.

ठसा केबिनच्या काचेवर चिकटवलाय. समोर नदी, खाली माणसं मुंग्यांएवढी, आणि मध्ये पाच बोटं. काल एक तुकडा बसवला तेव्हा खालच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इथे वर ऐकू येत नाही, तुमच्यासारखंच. नुसते हात हलताना दिसले.

तुम्ही लिहिलंत की हातात चिमटा असलेल्या माणसाला काही करू नकोस कसं सांगायचं. आमच्याकडे रोज सांगतात. हुकाला लटकलेलं वजन वाऱ्याने झुलायला लागलं की शिकाऊ माणूस घाबरून लिव्हर उलटा ओढतो आणि झोका दुप्पट होतो. तेव्हा हात न हलवता थांबायचं, हे शिकायला मला सहा महिने लागले. डॉक्टरबाईंचं बरोबर आहे.

आता जे लिहिते ते वाचून तुमचा तिळपापड होईल. मी येईपर्यंत भिंगरीसोबत एकटे राहू नका. शिंपीणबाईंना विचारलंय, त्या त्यांचं मशीन दुपारी दुकानात आणून बसतील. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही. पण ऐकू येत नाही, हात कापतो, आणि त्या दिवशी तुम्ही एकटे होतात. मला झोप लागत नाही, बाबा. झोप न झालेल्या माणसाने क्रेनवर चढू नये असा नियम आहे.

तुमची


१ मार्च

पोरी,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. शिंपीणबाई समोर मशीन चालवत बसल्या आहेत. पायाने मशीन, डोळ्याने माझ्यावर पहारा. तू लावलेला पहारा आहे, मी तक्रार करत नाही. तो लागायलाच हवा होता, पण तू समजतेस त्या कारणाने नाही.

शनिवारी एक शिक्षिकाबाई त्यांचं टेबलावरचं घड्याळ न्यायला आल्या. महिनाभर आतल्या खोलीच्या फळीवर पडून होतं. या बाई फार विचित्र आहेत. घड्याळ दुरुस्तीला देताना बजावून गेल्या होत्या, "माझं घड्याळ चौदा मिनिटं पुढे असतं, ते तसंच ठेवा. मला उशीर होतो." मला अशा गिऱ्हाइकांचा मनस्वी राग येतो. पण काम ते काम. दुरुस्त करून मी स्वतःच्या हाताने ते चौदा मिनिटं पुढे लावून फळीवर ठेवलं होतं.

बाईंनी ते हातात घेतलं, मनगटावर पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "अगदी चौदा!"

मी खुर्चीवर बसलो. बाईंना वाटलं, मला घेरी आली.

कळलं का तुला? फिट सुरू झाली तेव्हा मी दुकानात होतो आणि भिंतीवरचं, माझं रोजचं बिनचूक घड्याळ पाहिलं. चार दहा. मग तिला आत नेलं. थांबली तेव्हा समोर फळी होती आणि फळीवर त्या बाईंचं घड्याळ. चार अठ्ठावीस. त्यातून चौदा वजा कर. फिट चार मिनिटं होती.

मी लगेच शिंपीणबाईंचा फोन मागितला. त्यांनी अँब्युलन्सला फोन लावला होता चार सोळाला. फोनमध्ये तसं दिसतं. म्हणजे माझ्या अठरा मिनिटांप्रमाणे भिंगरी तेव्हा झटके देत असायला हवी होती, आणि शिंपीणबाई शपथेवर सांगतात की त्या आल्या तेव्हा पोर शांत पडली होती. जगातल्या कुठल्याही घरात हे झालं नसतं. लोकांच्या घरात एक घड्याळ असतं. घाबरलेला माणूस म्हणाला असता, "बाई, वेळ बघितली नाही." त्याचं भलं झालं असतं. मी तज्ज्ञ पडलो. माझ्या ऐटीपायी त्या चिमुरडीच्या पाठीत सुई गेली, फोटोची तारीख लागली, जावईबापूंचं जेवण उडालं आणि तू राजीनामा लिहिलास.

आता बसलोच आहे तर सगळंच लिहितो.

माझा हात कापत नाही. मी त्या दिवशी तिच्या दातांमध्ये बोट घातलं, जीभ चावेल म्हणून. उजव्या हाताचं पहिलं बोट. तिने हाडापर्यंत चावलं. दोन टाके पडले, म्हणून अक्षर वाकडं. डॉक्टरबाईंनी तेव्हाच माझी खरडपट्टी काढली होती. बोट अडकून तिचा दात तुटला असता, श्वास कोंडला असता. तुला सांगितलं नाही, कारण मागे मीच तुला फुशारकीने लिहिलं होतं की वेळ पाहिली. काय केलं ते नाही लिहिलं.

आणि तिसरं. घरात कुणाला असं झालं होतं का, याला मी नाही म्हटलं ते खोटं होतं. तुला झालं होतं. तू दीड वर्षांची होतीस, कानाचा ताप. तुझ्या आईने आतून हाक मारली, मी दुकान नि आतल्या खोलीमधल्या पडद्याशी आलो, तुला तसं झटके देताना पाहिलं आणि मागे फिरलो. दुकानात जाऊन उभा राहिलो. गिऱ्हाईक होतं, त्याच्याशी पट्ट्यांबद्दल बोललो. तुझ्या आईने एकटीने सगळं केलं. तिने मला त्यावरून एका शब्दानेही कधी टोचलं नाही, तेच मला जन्मभर टोचलं. या वेळी मी पळालो नाही, एवढाच मोठेपणा मिरवायचा होता. तोही धड जमला नाही.

आज सकाळी दवाखान्यात गेलो. रांगेत सगळ्यांसमोर, कारण मला हळू बोलता येत नाही, डॉक्टरबाईंना सांगितलं की माझी वेळ चुकली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. शिंपीणबाईंचा फोन दाखवला. त्या हसल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार मानतो. शांतपणे फाईल काढली, अठरा खोडून चार केलं. म्हणाल्या, मग ही साधी तापातली फिट. फोटोची गरज नाही. तिघांतल्या एका मुलाला पुन्हा येते, तिला येऊही शकेल, पण पाच-सहा वर्षांची झाली की बहुतेक मुलं यातून बाहेर पडतात.

मग मी तुझं सांगितलं, की तिच्या आईलाही झाली होती, एकदाच. त्यांनी लिहून घेता घेता विचारलं, "आता त्या काय करतात?" मी म्हटलं, "साठ मीटरवर बसून पूल बांधते." त्यांनी पेन खाली ठेवलं. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. पोरी, त्या क्षणी मी लाजेने अर्धा झालेला माणूस होतो, तरी छाती फुगली ती फुगलीच. त्याला माझा इलाज नाही.

आता तुला ठरवायचं ते ठरव. पण चार मिनिटं धरून ठरव.

बाबा


८ मार्च

बाबा,

दोन दिवस तुमचा इतका राग आला की वॉकीटॉकीवर सगळ्यांशी भांडले. खालचा इशारे देणारा म्हणाला, ताई, आज क्रेनपेक्षा तुमचाच आवाज लांब जातोय.

तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये डबा खाताना "अगदी चौदा!" आठवलं आणि एकटीच हसत सुटले. हसता हसता रडले. वर कुणी बघायला नसतं हे बरं आहे.

बोटाबद्दल बोलणार नाही, डॉक्टरबाईंनी बोलून झालंय. टाके कधी निघाले ते कळवा आणि यापुढे बोट, हात, पाय काहीही तिच्या तोंडात नाही.

माझ्या फिटबद्दल आईने मला सांगितलं होतं. मी बारा वर्षांची असताना. तुम्ही दुकानात गेलात तेही सांगितलं. ती म्हणाली, "तुझे बाबा त्या गिऱ्हाइकाला अर्धा तास उलटी पट्टी दाखवत होते. मी आत एका हाताने तुला धरलं होतं आणि त्यांचा आवाज ऐकत होते. माणूस किती घाबरला असेल!" तिने तुम्हाला टोचलं नाही, कारण तिच्याकडे टोचायला काही नव्हतंच, बाबा. तुम्ही इतकी वर्षं उगाच रक्त आटवलंत.

राजीनाम्याचा कागद अजून साहेबांच्या टेबलावर आहे. मागे घेतलेला नाही. खरं सांगते, चार मिनिटांवर माझं डोकं विश्वास ठेवतं, काळीज ठेवत नाही. दहा तारखेला साहेब विचारतील. मी आणखी आठ दिवस मागून घेणार आहे. तोवर शिंपीणबाई बसू देत.

पण एक गोष्ट मनापासून लिहिते. तुम्ही रांगेत उभं राहून ते मोठ्याने सांगितलंत. मला ओळखणारा कुणीही सांगेल की माझ्या वडिलांना गिऱ्हाइकाने "घड्याळ मागे पडतं" म्हटलं तरी दोन दिवस अन्न गोड लागत नाही. माझा ऊर भरून आला. तुमच्या जावयांनीही फोनवर एक अख्खं वाक्य उच्चारलं. म्हणाले, "बाबा दवाखान्यात एकटे गेले, मला सांगितलंही नाही."

तुमची


१७ मार्च

पोरी,

फोनवर मी काय ओरडलो ते मला आठवतं, तू काय म्हणालीस ते कळलं नाही. शिंपीणबाई म्हणाल्या, तू काहीच म्हणाली नाहीस. तेव्हा सविस्तर लिहितो.

काल भिंगरीला पुन्हा ताप चढला. सर्दीचा. दुपारी औषध दिलं, थोडी हसली, पट्ट्यांचा डबा उपडा केला. शिंपीणबाई पाच मिनिटांसाठी दोरा आणायला घरी गेल्या. हे वाचून त्यांना दोष देऊ नकोस, मीच जा म्हटलं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी खाली चटईवर तिच्याशेजारीच बसलो होतो. हल्ली ताप असला की टेबलाशी बसत नाही.

ताठ झाली. डोळे वर.

मी मनगटावर पाहिलं. फक्त मनगटावर. तीन वाजून दोन मिनिटं वीस सेकंद. तिला डाव्या कुशीवर वळवलं. डबा नि कात्री लांब सरकवली. गळ्याशी झबल्याचं बटण होतं ते काढलं. मग माझे हात माझ्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. खरंच बसलो. कारण उजवा हात पुढे जायला लागला होता.

काय सांगू? झटके देत असलेल्या नातीशेजारी स्वतःच्या हातांवर बसून राहणं. आयुष्यात एवढं जड काम केलं नाही. ओठ निळे झाले तेव्हा वाटलं, गेली. मिनिट झालं. दोन झाली. मी तिच्याशी बोलत राहिलो, तिला ऐकू येत नव्हतं आणि मलाही. नाकातलं औषध गुडघ्याशी ठेवलं होतं, पाचव्या मिनिटासाठी. पडद्याकडे एकदा नजर गेली, दुकानाच्या रिकाम्या दाराकडे. तिथून उठून जाणं सोपं होतं. मी उठलो नाही.

तीन पाच तीसला थांबली. तीन मिनिटं दहा सेकंद. मोठा श्वास घेतला, रंग आला, आणि झोपली. मग माझे हात बाहेर काढले. बधिर झाले होते.

शिंपीणबाई दोरा घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या. मी म्हटलं, फोन लावा, आधी लेकीला, मग जावयाला. लपवायचं नाही असं ठरलंय. त्यांनी तुझ्या ऑफिसचा नंबर लावला आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला. मी ओरडलो ते असं: "पुन्हा आली. तीन मिनिटं दहा सेकंद, माझ्या मनगटावरच्या घड्याळाने. कुशीवर ठेवली. तोंडात काही घातलं नाही. आता झोपली आहे, श्वास चांगला आहे. डॉक्टरबाईंकडे नेतो. तू काय म्हणतेस ते मला ऐकू येत नाही, ठेवतो."

डॉक्टरबाईंनी तपासलं. सर्दीच आहे. जागी झाल्यावर तिने त्यांच्या गळ्यातली नळी ओढली. त्या म्हणाल्या, "आजोबा, अगदी बरोबर केलंत." तेच वाक्य मी घरी येऊन एकटाच मोठ्याने म्हणून पाहिलं.

जावईबापूंनी रात्री माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. हे त्यांचं भाषण समज.

बाबा


२२ मार्च

बाबा,

शेवटचा तुकडा बसला. परवा, सकाळी अकरा वाजता. दोन्ही बाजूंच्या मध्ये राहिलेली फट मी बंद केली. पलीकडच्या काठावरचा एक माणूस चालत अलीकडे आला आणि खालून त्याने हेल्मेट काढून माझ्याकडे हलवलं. इथलं काम आवरलं की पंधरा दिवसांत घरी येते. नेहमीची सुट्टी घेऊन, नोकरी टिकवून.

पण मला लिहायचंय ते त्याच्या आधीचं.

तुमचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. ऑफिसातल्या शिपायाने "घरून" म्हणून फोन पुढे केला. मी कानाला लावला आणि कानठळ्या बसल्या. तुमचा आवाज ऑफिसभर ऐकू गेला. साहेब, नर्स, नकाशे घेऊन आलेले दोन इंजिनियर, सगळे जाग्यावर उभे. तुम्ही "ठेवतो" म्हणालात आणि ठेवलंत. मग नर्स हळूच म्हणाली, "अगदी असंच करायचं असतं."

मी तिथेच बाकावर बसले. रडले नाही असं म्हणणार नाही. साहेब म्हणाले, आज चढू नकोस. मी अर्धा तास मागितला. त्या अर्ध्या तासात मला काय आठवत होतं सांगू? फिट नाही. भिंगरीसुद्धा नाही. तुम्ही सांगितलेल्या गोष्टींचा क्रम. आधी वेळ, मग कुशी, मग तोंडात नाही, मग श्वास. घाबरलेला माणूस असा क्रमाने सांगत नाही. आणि तुम्ही घाबरलेले होतात, ते मला तुमच्या आवाजात ऐकू येत होतं. दोन्ही एकदम ऐकू येत होतं. बाबा, मला आजवर कुणाचाही इतका अभिमान वाटला नाही. माझा स्वतःचाही नाही, त्या फटीसाठी टाळ्या वाजल्या तेव्हासुद्धा नाही.

अर्ध्या तासाने नर्सने माझी नाडी पाहिली आणि मान हलवली. साहेबांनी खणातून राजीनाम्याचा कागद काढून पुढे धरला. म्हणाले, "पुन्हा फिट आली. आता तरी सही करू ना? पोरीजवळ कुणीतरी हवं."

मी तो कागद घेतला, फाडला, आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

म्हटलं, "आहे ना. माझे बाबा आहेत."

आणि शिडी चढायला लागले.

तुमची लेक